गल्लीला ठाऊक होतं

दादाचा फोन आला तेव्हा मी मंडईत भाजी घेत होतो. "ताई गेली," एवढंच म्हणाला. पहाटे, झोपेतच. त्याला आता दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, चांगलं मरण आलं हो, कुणाला त्रास नाही दिला. मी मान हलवतो... त्रास कुणी कुणाला दिला, ते मला माहीत आहे.

कोथरूडला आमचं बैठं घर होतं. वडिलांनी ते बांधलं तेव्हा भोवती ज्वारीची शेतं होती आणि रिक्षावाले तिकडे यायला सरळ नाही म्हणत. पुढे शेतं जाऊन बंगले आले, बंगल्यांच्या जागी सोसायट्या. दादा आणि मी लग्नानंतर आपापल्या फ्लॅटमध्ये गेलो. ताई राहिली. शाळेत शिवण शिकवायची, आईवडिलांचं शेवटपर्यंत तिनंच केलं आणि नंतर त्या घरात एकटी राहिली. पाचेक वर्षांपूर्वी एका दुपारी मी न कळवता गेलो. ती व्हरांड्यात शेंगा सोलत होती. मी समोर उभा राहून नुसता हसलो. माझ्याकडे बघतच तिनं विचारलं, "कोण आलंय?"

काचबिंदूनं तिची नजर जवळजवळ गेली होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. स्वयंपाक, कपडे, गल्लीच्या टोकावरून दूध आणणं, सगळं ती सवयीनं करायची, पावलं मोजून. तिनं माझा हात घट्ट धरला. "दादाला सांगू नकोस. कळलं तर मला इथून हलवाल." मी शब्द दिला.

दोन वर्षांनी दादानं बिल्डर आणला. त्याच घरात बैठक झाली. माझ्या मुलाला कोथरूडमध्ये जागा हवी होती, दादाचेही बेत होते. दादानं विचारलं, "ताई, तुझी काही अडचण?"  ती माझ्या खुर्चीच्या दिशेला तोंड करून बसून राहिली. शब्द दिलाय, आपण कसं बोलायचं, असं मी मनाशी म्हणालो. तो शब्द तिनं कशासाठी घेतला होता, ते सोयीस्कर विसरलो. दादानं बोट ठेवलं तिथं तिनं सही केली. ओळीच्या बरीच खाली गेली. "चष्मा बदल आता," दादा म्हणाला, आणि आम्ही हसलो. मीसुद्धा.

इमारत होईपर्यंत तिला कर्वेनगरला चौथ्या मजल्यावर भाड्यानं ठेवलं. पहिल्याच आठवड्यात ती दोनदा पडली आणि दादाला सगळं कळलं. कामाला बाई ठेवली. मी रविवारी जायचो. एकदा ती म्हणाली, "मला एकदा आपल्या गल्लीत नेऊन आण." पुढच्या रविवारी नेतो म्हणालो. असे किती रविवार गेले... तिनं पुन्हा विचारलं नाही.

तेरावा झाल्यावर मी एकटाच त्या गल्लीत गेलो. टोकाला शेवंताबाईंचं दुधाचं दुकान आहे. जुन्या कोथरूड गावातलं त्यांचं शेतकरी घराणं. ताई गेल्याचं सांगितलं तशा त्या खाली बसल्या. "लई सोसलं त्यांनी. डोळ्यानं दिसत नव्हतं, पन कुनाला कळू दिलं न्हाई. आमाला समद्यांला ठावं हुतं. पोरास्नी सांगून ठेवलं हुतं, गाड्या येका कडंला लावा, ताई या बाजूनं येत्यात. रस्ता खनला तवा रोज मी दूध दारात ठेवायचे आन म्हनायचे, आज लवकर आलं बघा." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमाला ठावं नव्हतं व्हय?"

"नाही," मी म्हणालो.

गेल्या आठवड्यात कर्वेनगरचा फ्लॅट रिकामा करून द्यायला गेलो. मालक म्हणाले, भिंती फार खराब झाल्यात, रंग द्यावा लागेल. पांढऱ्या भिंतीवर कमरेच्या उंचीला तिच्या तळव्याचा मळकट पट्टा उमटलाय. पलंगापासून न्हाणीघरापर्यंत, तिथून स्वयंपाकघरापर्यंत. मालक मीटर बघायला गेले, तेव्हा मी त्यावर हात ठेवून चालत गेलो. बाहेरच्या दाराकडची भिंत तेवढी कोरी होती.