लाल-पांढरे ठोकळे आणि आत्याबाई

आमच्या घराण्यात आजवर एकाच व्यक्तीला परीक्षेच्या खोलीतून बाहेर काढलं गेलं, आणि ती व्यक्ती बारा वर्षं प्राथमिक शाळेत शिकवत होती. म्हणजे मी!

सत्तरच्या दशकातली गोष्ट. माझ्या दादाची मुलगी सुमन माझ्याच वर्गात, चौथीत होती आणि 'घर'ला 'धर' वाचत होती. मी तिला आळशी ठरवून मोकळी झाले होते. (शंभर वेळा 'घर' लिहायला लावलं. तिने शंभर वेळा 'धर' लिहिलं, तेही सुवाच्य अक्षरात!) दादाचा हातमाग होता. एक दिवस तो शांतपणे म्हणाला, "पोरगी वाचून नाही राहिली, तर शाळेत काहून धाडू वं? घरी मागाच्या कांड्यांवर सूत भरंल."

सुमन दप्तर छातीशी धरून माझ्या मागे येऊन उभी राहिली.

कॉलेजातल्या एक मॅडम अशा मुलांची चाचणी घेतात असं कळलं होतं. मॅडम डोकं आहे म्हणाल्या तर शाळा, नाहीतर कांड्या, एवढं मी दादाकडून कबूल करून घेतलं आणि चाचणीच्या दिवशी हट्टाने सुमनशेजारी बसले. मॅडमनी समोरून एक कार्ड दाखवलं, लाल-पांढऱ्या ठोकळ्यांची तशीच नक्षी मांडायला सांगितली आणि घड्याळ सुरू केलं. सुमनचे हात भराभर चालले. पण नक्षी झाली उलटी! वरचं खाली, उजवीकडचं डावीकडे. मॅडम घड्याळ बघत होत्या तेवढ्यात मी गुपचूप दोन ठोकळे फिरवले. (आत्या कशासाठी असते!) घाईत दोनच जमले, त्यामुळे नक्षी आता कुठूनच सरळ दिसेना. दुसऱ्या कार्डाला मॅडमनी माझं मनगट धरलं.

"बाई, चाचणी तुमची नाही."

मी रडकुंडीला येऊन कबूल केलं, की पोरगी सगळं उलटं मांडते म्हणून हात लावला. सुमनने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"आत्या, मॅडम तिकडून पाहून राहिल्या ना. त्याइले सरळ दिसाले पाहिजे."

दादाच्या ओसरीवर गिऱ्हाईक आलं की लुगडं उलगडून दाखवायचं काम सुमनचं. काठ-पदर समोरच्याला सरळ दिसला पाहिजे, ही आमच्या घरची रीत. म्हणजे ही नऊ वर्षांची पोर कार्ड पाहत होती, नक्षी मनातल्या मनात फिरवत होती आणि मॅडमसाठी मांडत होती! मॅडमनी सगळ्यात अवघड कार्ड काढलं आणि या वेळी तिच्या स्वतःच्या बाजूने सरळ मांडायला सांगितलं. तिने तेही तेवढ्याच वेगात मांडलं. मॅडमनी पेन्सिल खाली ठेवली. मी थक्क झाले, आणि खरं सांगते, मला त्या पोरीच्या पाया पडावंसं वाटलं.

उरलेली चाचणी मी व्हरांड्यात काढली. मग मॅडमनी बोलावून सांगितलं, की हिचं डोकं तल्लख आहे, फक्त अक्षरं तिला पकडता येत नाहीत आणि याला आळस म्हणत नाहीत. पुठ्ठ्यावर सूत चिकटवून अक्षरं करा, तिला बोटाने गिरवू द्या. घरी दादाने हे ऐकलं आणि सुताचं एक बंडल माझ्यापुढे आणून ठेवलं. कांड्यांचा विषय त्याने पुन्हा काढला नाही.

एक गोष्ट मात्र मी घरी सांगितली नाही. निघताना मी मॅडमना म्हटलं होतं, मीही एक नक्षी समोरच्याला सरळ दिसेल अशी मांडून बघते. त्यांनी घड्याळ सुरू केलं. बऱ्याच वेळाने ते बंद करून पर्समध्ये ठेवलं आणि त्या शिष्टाचार म्हणून खिडकीबाहेर बघू लागल्या. तेवढ्यात शेजारून एक छोटा हात आला आणि त्याने गुपचूप माझे दोन ठोकळे फिरवले.