परग्रहावरचे मिस्त्री

आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा देव्हारा उतरला, तो परत चढलाच नाही. बाबांसमोर तर देवाचं नाव निघालं की संपलं, चष्मा काढून भांडायला बसायचे. दवनीवाड्यात जन्मभर मिस्त्रीकाम केलं, गावातली अर्धी घरं बांधली, पण देवळाचं काम कधी अंगावर घेतलं नाही. आणि नशीब बघा, जिवाचा दोस्त कोण? तर दर सोमवारी नागरा गावच्या जुन्या शंकराला जाणारे शेजारचे काका!

काका परत येताना नारळाचा तुकडा आणायचे. बाबा हात पुढे करून म्हणायचे, "खोबरं म्हणून देशील तं खातो. प्रसाद म्हणशील तं नाही."

"खोबरंच होय गा, गिळ!" मग चहा, मग भांडण. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून बाबांचं काम सुटलं होतं, जुने सोबती पांगले होते. भांडायला उभ्या गावात हा एकच माणूस उरला होता.

अशा सुखात मीच काडी टाकली. सुट्टीला आले होते. संध्याकाळी मोबाईल टीव्हीला जोडला आणि एका हिंदी मालिकेचा भाग लावला. परग्रहावरचे लोक हजारो वर्षांपूर्वी पृथ्वीवर येतात, असा. चकचकीत यान उतरलं, चंदेरी कपड्यांतले लोक बाहेर आले आणि रानातली माणसं धडाधड त्यांच्या पाया पडली.

"एवढ्या दुरून आले," आई लाखोरीची भाजी निवडता निवडता म्हणाली, "कोणी पाणी तं विचारा!"

बाबांनी मात्र मांडीवर थाप मारली. "पाह्य! इतके वर्स मी काय सांगून राहिलो? तू ज्यायले देव म्हणून राहिला, ते हे होत! बाहेरगावचे पाव्हणे!"

काकांचा चेहरा पडला. तेवढ्यात चंदेरी म्होरक्या झाडाखालच्या देवाच्या दगडावर पाय ठेवून उभा राहिला.

"बूट घालून?" काका ओरडले. "देवाच्या डोक्यावर बूट?"

"त्यायचंच घर होय," बाबा खदखदून हसले. "घरमालकाले कोण अडवते?"

काका उठले. दारात जाऊन चपलेत पाय सरकवला. "उद्यापासून तुहा चहा तू एकटाच पे. मी नाही येत."

हे नेहमीचं भांडण नव्हतं. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की भाजीच्या जागी मलाच निवडून टाकते की काय! बंद करावं म्हटलं तर घाईत मोबाईलही सापडेना, रिमोटही. पडद्यावर म्होरक्यानं हात वर केला, हिरवा उजेड पडला आणि हत्तीएवढे दगड हवेत तरंगत एकमेकांवर बसले. बघता बघता देऊळ तयार. माणसं नुसती तोंड उघडून उभी.

बाबांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा लावला. "हे कोण बांधून राहिलं?"

"तेच, बाबा. ते वरून आलेले."

"आन आपले लोक काय करून राहिले?"

"बघताहेत."

"कायले बघून राहिले?" बाबा गुडघे विसरून ताडकन उभे राहिले. "दगड कोणं फोडला? कोणं वाहिला? लोकायचे हातपाय मोडले असतील तेथी! आन हा हिरवा बल्ब लावून देऊळ बांधते? पाया तरी खोदला का बे?" शेवटचं वाक्य थेट टीव्हीला होतं. पडद्याकडे रोखलेल्या बोटाचं टोक तुटलेलं होतं. ते बाबांनी फार वर्षांपूर्वी कुणाच्या तरी दाराच्या चौकटीखाली घालवलं होतं.

काका दारातच थबकले. "नागऱ्याचं देऊळ आपल्याच लोकायनं बांधलं," ते हळूच म्हणाले.

"मंग! मिस्त्र्यायनं बांधलं!"

"देवाच्या कृपेनं."

"मिस्त्र्यायनं!"

"बरं बावा, मिस्त्र्यायनं," म्हणत काकांनी चपला काढल्या. मग दोघांनी मिळून त्या परग्रहवासीयांचा असा उद्धार केला की त्या भागात शेवटी काय झालं ते मला आजतागायत कळलेलं नाही.

सोमवारी बाबा आपणहून काकांच्या गाडीवर मागे बसले. आई म्हणाली, "सूर्य कोणीकडून उगवला आज?" मीही माझी स्कूटी काढली. असला प्रसंग कोण सोडतं!

नागऱ्याला पोचल्यावर काका देवळात गेले. बाबा बाहेरच राहिले. हात जोडले नाहीत, घंटेकडे पाहिलंही नाही. भिंतीच्या कडेकडेनं लंगडत, त्या तुटक्या बोटानं दगडावरचे छन्नीचे घाव चाचपत राहिले.

काका बाहेर आले, सवयीनं तुकडा पुढे केला. "घे. खोबरं."

बाबांनी दगडावरचा हात काढला नाही, दुसरा पुढे केला. "आज प्रसाद म्हण," ते म्हणाले. "मिस्त्र्यायचा."

काकांनी भिंतीकडे पाहिलं, आपल्या वाट्याचा मोठा तुकडा बाबांच्या हातावर ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा वाद घातला नाही.