तांबड्या ग्रहावरची झुंबरबाई

मंठ्याच्या बसस्टँडजवळ अतिकभाईंचं फ्लेक्सचं दुकान आहे. तिथे शालू कॉम्प्युटरवर बसते. वाढदिवस असो, उद्घाटन असो, फोटो कापायचा, मागे ढग लावायचे, डोक्यावर फेटा चढवायचा आणि माणूस आहे त्याहून गोरा करायचा, हे तिचं काम. फेटा नको म्हणणारं गिऱ्हाईक तिने अजून पाहिलेलं नाही.

तिची सासू झुंबरबाई हिला हे काम पसंत नव्हतं. “दिवसभर परक्या बाप्यांचे गाल चोळीत बसती,” असं ती शेजारच्या द्वारकाबाईला सांगायची. आणि यात खोटं काही नव्हतं.

शालूचा जीव मात्र दुसऱ्याच कामात होता. ती परग्रहांची चित्रं काढायची. माहेरी आष्टीला असताना पेन्सिलीने काढायची. मग अतिकभाईंनी जालन्याच्या एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओतून जुना पेन टॅबलेट आणून दिला. पाटीसारखी काळी पट्टी. पेन तिच्यावर फिरवायचा आणि रेघ समोरच्या पडद्यावर उमटते. हात एकीकडे, नजर दुसरीकडे. टीव्ही बघत पोळ्या लाटायची सवय असल्याने शालूला ते जड गेलं नाही.

तिच्या ग्रहांची जमीन मंठ्याचीच होती. उन्हाळ्यात काळ्या रानाला पडलेल्या भेगांचे फोटो काढायचे, रंग तांबडा करायचा, वर दोन चंद्र ठेवायचे. मळणीयंत्राला पंख लावून तिने यान केलं होतं. चित्रं ती नेटवर टाकायची. ती बघून पुण्याच्या एका छोट्या प्रकाशकाने मुलांच्या विज्ञानकथेचं मुखपृष्ठ सांगितलं. त्याला तांबड्या ग्रहावरच्या टोळीची म्हातारी मुखिया हवी होती. हिरवी, चार हातांची, कुणाचं न ऐकणारी.

नेमकी त्याच दिवशी भाजीत मीठ जास्त झाल्यावरून घरात बोलाचाली झाली होती. शालू चित्राला बसली आणि चेहरा आपोआप आला. मिटलेले ओठ, आवळलेल्या भुवया, हनुवटीवरची चामखीळ. चेहरा अगदी खरा वाटतो, असं प्रकाशकाने कळवलं.

पुस्तकाच्या प्रती आल्या तेव्हा शालू दुकानात होती. पार्सल झुंबरबाईने घेतलं आणि फोडलं. संध्याकाळी शालू घरी आली तर बाजेवर पुस्तक आणि पुस्तकाशेजारी सासू.

“ही मी हाय,” झुंबरबाई म्हणाली.

“न्हाई, आत्याबाई. ती दुसऱ्या ग्रहावरची हाय.”

“ग्रह कोणता का असंना. चामखीळ माझी हाय.”

शालूचा नवरा बबलू टेम्पो लावून आत आला. त्याने पुस्तक पाहिलं, आईकडे पाहिलं आणि टेम्पोचं चाक बघायला परत बाहेर गेला.

झुंबरबाईने बोलणं बंद केलं. रागावणारी सासू शालूच्या ओळखीची होती, गप्प सासू नव्हती. शेवटी ते पुस्तक कुठेतरी आड ठेवावं म्हणून शालू गेली, तर जागेवर पुस्तकच नव्हतं. ते द्वारकाबाईच्या ओट्यावर होतं आणि चार बाया वाकून बघत होत्या.

“हिरवी कामून हाय?” एकीने विचारलं.

“तिकडं ऊन लई,” झुंबरबाई म्हणाली. “पण माझी सून बघा. हात चार दिले अन् बांगड्या दोनच हातांत.”

शालू पुढे झाली. “आत्याबाई, चुकलं माझं. रागाच्या भरात तुमचा चेहरा काढला.”

“रागात काढला म्हणून बराबर आला. त्या फ्लेक्सवरले बघ, सगळे पीठ लावल्यावानी.”

पुढच्या वर्षी दुसऱ्या भागाचं काम आलं. त्यात मुखिया मरत होती. शालूने ते पोटात ठेवलं. शेंगा सोलता सोलता झुंबरबाईनेच विचारलं, “ह्या बारीला काय करती ती?”

“मरती.”

झुंबरबाईचे हात थांबले नाहीत. “कशानं?”

“वादळ येतं. टोळीला यानात बसवती अन् सोता मागं राहती.”

“सगळे बसतेत का?”

“सगळे.”

“मंग ठीक हाय. पण आडवी नको काढू. उभी असू दे.”

उभी काही शालूला जमेना. कंबर खोटी वाटायची, पदर लाकडासारखा. पुसून पुसून ती कंटाळली. तेव्हा झुंबरबाई अंगणात जाऊन उभी राहिली, मुखियाच्या भाल्याच्या जागी वेळूची काठी घेऊन. पदर उडावा म्हणून बबलूने टेबलफॅन धरला. त्याला कथा कुणी सांगितलेली नव्हती.

“जल्दी कर. कंबर भरून राह्यली.”

“हात जरा वर घ्या.”

“चारातला कोणता?”

चित्र पुरं झालं. यान वर चाललेलं, खाली मुखियाची ताठ पाठ. शालूने लॅपटॉप सासूपुढे धरला. झुंबरबाईने बराच वेळ पाहिलं. मग यानाच्या खिडकीवर बोट ठेवलं.

“ह्यात बबलू हाय का?”

“हाय. आत बसलाय.”

“त्याला हे दाखवू नको. उगं जेवायचा न्हाई.”

शालूने फाईल पुण्याला पाठवून दिली.

सध्या तिसऱ्या भागाचं काम चालू आहे. टोळीला नवी मुखिया हवी आहे आणि शालूला तिचा चेहरा सापडत नाही. माझा चेहरा चालंल का, असं द्वारकाबाईने आपणहून विचारून पाहिलं. झुंबरबाईचं मत पडलं की तिला न्हाई जमायचं, ती लई हसती.