अर्धापूरला सापडलेली बाई

पोलीस खात्यातून निवृत्त होऊन मला आता काही वर्षं झाली. बहुतेक गुन्हे मी विसरून गेलो आहे. आरोपींचे चेहरेसुद्धा एकमेकांत मिसळतात. पण लातूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक असताना हाताळलेलं एक प्रकरण मनातून जात नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. कुणाला शिक्षाही झाली नाही. संबंधित माणसं हयात आहेत, म्हणून नावं घेणार नाही.

एके दिवशी सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. मी टपाल बघत होतो. ठाणे अंमलदार आत येऊन म्हणाला, "साहेब, एक पोरगी आलीय. तुमच्याशिवाय कुणाशी बोलत नाही म्हणते."

मुलगी लातूरला नर्सिंगचं शिक्षण घेत होती. साधा पंजाबी ड्रेस, केस घट्ट बांधलेले. खुर्चीवर बसली नाही. उभ्यानंच म्हणाली, "साहेब, मला माझ्या वडिलांविरुद्ध तक्रार द्यायचीय. त्यांनी माझ्या आईला मारलंय."

"कधी?"

"मी बालवाडीत होते तेव्हा."

मी तिला बसवलं, पाणी दिलं. तिचं म्हणणं असं होतं. आई एका दुपारी घरातून गेली ती आलीच नाही. वडिलांनी चार दिवस उशिरा ती बेपत्ता असल्याची, म्हणजे मिसिंगची, नोंद केली. कुणी फारसा शोध घेतला नाही. पुढं गावात बोलणं सुरू झालं की यानंच बायकोला मारून शेतात पुरलं. शाळेतल्या मुली तिला तोंडावर म्हणायच्या. आजीला विचारलं तर आजी चूल फुंकत बसायची. वडिलांना विचारलं तर ते उठून शेतावर जायचे. आता तिला एक चांगलं स्थळ आलं होतं. मुलगा पसंत होता, बोलणी ठरली होती. पण बाप खुनी आहे हे कळल्यावर त्या लोकांनी पाय मागं घेतला.

"लग्न मोडलं म्हणून आले नाही साहेब," ती म्हणाली. "मला माझी आई कुठंय ते पाहिजे. शेतात असली तर शेतात. मला तिथं जाऊन बसता तरी येईल."

मी जुनी मिसिंगची फाइल काढायला लावली. आत दोन जबाब आणि एक फोटो, बाकी काही नाही. फोटोतली बाई आणि समोर बसलेली मुलगी यांच्या तोंडवळ्यात काडीचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावून घेतलं. पन्नाशीचा, उंच, गावात बरी शेती असलेला माणूस. दुसरं लग्न केलेलं नव्हतं. पहिल्या बैठकीत तो एकच सांगत राहिला. "गेली. कुठं गेली म्हाईत न्हाई," एवढंच. मी आवाज चढवला, खाली आणला, शेत खणून काढीन म्हणालो. तो म्हणाला, "खणा की."

अशा चौकशीत मी माणूस काय सांगतो यापेक्षा कसं सांगतो तिकडं लक्ष द्यायचो. दुसऱ्या बैठकीत चहा आला. त्याचा कप तसाच राहिला, म्हणून मी सहज म्हणालो, "घ्या, गार होतोय."

तो म्हणाला, "मला चालतो गार. तिलाच लागतो कढत. जिभेला चटका बसला तरी कढतच पिते."

मी हातातला कप खाली ठेवला. ज्यानं माणूस मारलाय तो मेलेल्याबद्दल "प्यायची", "होती" असं बोलतो. निदान माझा अनुभव तसा आहे. हा "पिते" म्हणाला होता.

मी हवालदाराला बाहेर पाठवलं. दार लोटून घेतलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठं बघितलंत तुम्ही तिला?"

 तो उपरण्यानं तोंड पुसून म्हणाला, "अर्धापूरला."

पुढचं त्यानं न थांबता सांगितलं. काही वर्षांपूर्वी नांदेडला एका लग्नाला गेला असताना कुणाच्या तरी सोबत तो अर्धापूरला केळीच्या बागा बघायला गेला होता. तिथल्या पॅकिंगच्या शेडमध्ये बायका पाण्याच्या टाकीत केळीच्या फण्या धूत होत्या. त्यात ती होती. टेम्पोत क्रेट भरणारा एक माणूस तिला काहीतरी बोलला आणि ती हसली.

"माझ्या घरात अशी कधी हसली न्हाई, साहेब. मी लई संशय घ्यायचो. कुलूप लावून शेताला जायचो. मी झाडामागं हुबा राहिलो आन् तसाच माघारी आलो."

"आणि गाव तुम्हाला खुनी म्हणत होतं ते?"

"म्हणू द्या की. बायको मारली म्हणलं तर लोक भिऊन राहतेत. बायको सोडून गेली म्हणलं तर हसतेत. सुरवातीला त्यासाठीच गप बसलो." त्यानं कप जवळ ओढला. "तिला बघितल्यावर मात्र दुसऱ्या कारणानं गप बसलो. मी नाव घेतलं असतं तर तुम्ही तिला धरून आणलं असतं. ती हसत होती ना."

मी पोलिसात असताना अनेकांना रडताना पाहिलं. तो रडला नाही. कपातला गार चहा एका घोटात पिऊन कप जागेवर ठेवला.

आम्ही अर्धापूरला गेलो. मी, महिला हवालदार आणि चालक, तिघंही साध्या कपड्यांत. शेड सापडायला वेळ लागला नाही. महिला हवालदारानं तिला बाजूला घेतलं. तिचं तिथलं नाव वेगळं होतं. जुन्या नावानं हाक मारताच तिच्या हातातली फणी टाकीत पडली.

शेडमागं केळीच्या खांबांचा ढीग होता, तिथं आम्ही बोललो. मी आधी कायद्याचं सांगितलं. तू सज्ञान आहेस, मर्जीनं गेलीस, तुला कुणी जबरदस्तीनं परत नेणार नाही, फक्त जबाब पाहिजे. तिनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं एकच विचारलं, "लेक कशी हाय?"

"तुझ्या नवऱ्यानं तुझा खून केला असं तिला वाटतं," मी म्हणालो.

ती केळीच्या एका खांबावर बसली आणि सांगू लागली.

घर सोडताना ती मुलीला घेऊनच निघाली होती. नवऱ्यानं आणि सासूनं तालुक्याच्या एसटी स्टँडवर गाठलं. "तुला जायचं तर जा, लेकरू आमचं हाय," म्हणून सासूनं खांद्यावर झोपलेल्या मुलीला ओढून घेतलं. गाडी सुटत होती. ती चढली. नांदेडला उतरली, मजुरी करत अर्धापूरला आली. तिथं टेम्पोवाल्याची ओळख झाली. त्याची बायको बाळंतपणात गेली होती, मूलबाळ नव्हतं. दोघांनी देवळात हार घातले आणि संसार मांडला. पण पहिल्याच दिवशी त्यानं विचारलं होतं, तुझं कोण कोण आहे?

"नवरा मेला म्हणले, साहेब. मग लेकरू इचारलं. लेकरू टाकून आले म्हणले असते तर कोणत्या माणसानं घरात घेतलं असतं? ते बी गेलं म्हणले." ती पदराशी चाळा करत राहिली. "माझं नाव खोटं सांगितलं, गाव खोटं सांगितलं. लेकीचं नाव तेवढं खरं सांगितलं. तिला दुसरं नाव देऊ वाटलं न्हाई."

मग तिनं माझे पाय धरायला हात पुढं केले. "जबाब घ्या, काय पाहिजे ते घ्या. ह्येंना कळू देऊ नका. लई जीव लावतेत मला."

मी म्हणालो, "जबाब इथंच होईल आणि फाइल बंद होईल. पण मुलगी नुसत्या कागदावर विश्वास ठेवणार नाही. यायचं की नाही ते तू ठरव."

ती टाकीपाशी गेली, हात धुतले, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला."

शेडमध्ये तिनं सांगितलं, लातूरकडं ओळखीची बाई आजारी आहे, जाऊन येते. पण पोलीस कितीही साध्या कपड्यांत असले तरी लोक ओळखतात, आणि अर्धापूरच्या ठाण्यात आमची नोंद होतीच. आम्ही ठाण्यात पोचून अर्धा जबाब होतो न होतो तोच केळीनं भरलेला टेम्पो आवारात येऊन थांबला. तो माणूस धावतच आत शिरला. अंगात बनियन, खांद्यावर टॉवेल.

"साहेब, कशामुळं आणलं ह्या बाईला? मुंगी मारायची न्हाई ती. तिच्यामागं कोणी न्हाई असं समजून त्रास देऊन राहिले का? मी हाय तिच्यामागं!"

नेमकी त्याच वेळी मुलगी वऱ्हांड्यातून आत आली. मी तिला लातूरहून आणि तिच्या वडिलांना गावाहून बोलावून घेतलं होतं. माय-लेकी समोरासमोर उभ्या राहिल्या. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही.  टेम्पोवाला एकीच्या तोंडाकडं बघत होता, मग दुसरीच्या. त्यानं मुलीला विचारलं, "बाई, तुझं नाव काय?"

तिनं नाव सांगितलं.

त्यानं भिंतीला हात टेकला. मग बायकोकडं वळून अगदी हळू म्हणाला, "दरसाल पितरांच्या पंधरवड्यात मी हिच्या नावाचं पान वाढतो. तू समोर बसायचीस. खीर तूच करायचीस." त्यानं खांद्यावरचा टॉवेल हातात घेतला. "जित्या लेकराचं पान वाढलं ग मी."

 तो बाहेर गेला. टेम्पो सुरू झाल्याचा आवाज आला आणि दूर गेला.

मुलगी आईजवळ गेली. "तू एकदा तरी यायचं होतंस," ती म्हणाली.

आई म्हणाली, "पॅकिंगला पोरी येतेत तुझ्या वयाच्या. दरसाली थोड्या मोठ्या पोरीकडं बघायचे. असं बघत बघतच तुला वाढवलं मी."

वडील वऱ्हांड्यातल्या बाकावर बसून होते. आत आले नाहीत. जबाबावर सह्या झाल्यावर मुलगी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. नंतर दोघं बापलेक चालत फाटकाबाहेर गेले. मुलीनं त्यांच्या हातातली पिशवी घेतली होती. पहिल्या नवऱ्यानं दुसऱ्या लग्नाबद्दल तक्रार दिली नाही. 'सदर महिला मिळून आली' असा शेरा मारून मी फाइल बंद केली.

ती बाई एकटीच अर्धापूरला गेली. टेम्पोवाल्याच्या दाराला कुलूप होतं, म्हणून शेडमधल्या एका मैत्रिणीकडं राहिली. हे मला मुलीनं नंतर सांगितलं. ती लग्नाची पत्रिका द्यायला आली होती; आधी मोडलेलं लग्न त्याच मुलाशी पुन्हा जमलं होतं. ती आणखी एक गोष्ट म्हणाली. टेम्पोवाला एकदा लातूरला तिच्या वसतिगृहाच्या फाटकावर आला होता. केळीची फणी हातात देऊन म्हणाला, "मी तुझा कोणी न्हाई. पण इतकी वर्षं तुझं नाव घेतलं, तर एकदा बघू वाटलं." आईबद्दल एक अक्षर काढलं नाही आणि निघून गेला.

निवृत्तीनंतर मी नांदेडला एका नातलगाकडं चाललो होतो. अर्धापूर आलं तशी गाडी थांबवली. शेडमध्ये ती टाकीपाशी होती आणि तो क्रेट उचलत होता. मला ओळखून त्यानं खुर्ची आणली, चहा सांगितला. ती घरी परत आली होती. त्यानंच बोलावली होती. मुलीचा फोन येतो, नातवाचा फोटो येतो, हे त्यानं कौतुकानं सांगितलं.

तो टेम्पोकडं गेल्यावर ती जवळ आली. "सगळं चांगलं हाय, साहेब. रागावत न्हाईत. पण मागचं काही इचारतच न्हाईत. रोज सांजच्याला स्वयपाक करताना वाटतं, आज इचारतील. माझं माहेर कुठलं, लहानपणी मी कशी होते, लेक कशी झाली. आता सगळं खरं सांगायचंय हो मला. ते जेवतेत आन् झोपतेत."

 माझी सगळी नोकरी लोकांच्या तोंडून खरं काढण्यात गेली. कुणी आपण होऊन सांगायला बसलंय आणि त्याला विचारणारं कोणी नाही, असं काही मला तोवर माहीत नव्हतं. त्या भेटीनंतर माझ्या स्वतःच्या घरात एक बदल झाला. जेवताना मी बायकोला काहीबाही विचारू लागलो. तिचं गाव, तिची शाळा, लग्नाआधीचे दिवस. सुरुवातीला ती म्हणाली, "हे काय, माझी चौकशी लावलीय का?" मग मात्र ती खूप वेळ बोलत राहिली.