सबनीसबाईंची सभा

"हे कोणी ठरवलं?" हा सबनीसबाईंचा लाडका प्रश्न. तो त्या कुठेही विचारत. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, कोथिंबीर फक्त सकाळीच मिळेल असं मलबारी दुकानदाराने सांगितलं की त्याला. इमारतीच्या लिफ्टमध्ये सायकल न्यायची नाही म्हटलं की सांगणाऱ्याला. आमची पहिली भेटसुद्धा याच प्रश्नाने झाली. मी कुवेतच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन. बाई रक्त तपासायला आल्या. मी म्हटलं, "उपाशीपोटी लागेल, उद्या या." बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "हे कोणी ठरवलं?" मी वैतागून म्हणालो, "तुमच्या शरीराने." त्या म्हणाल्या, "मग हरकत नाही. त्याचं ऐकायला हवं." दुसऱ्या दिवशी आल्या तेव्हा कळलं, आम्ही एकाच इमारतीत राहतो. मी दुसऱ्या मजल्यावर, त्या चौथ्या.

बाई मूळच्या मिरजेच्या, एकट्या. इथल्या एका भारतीय शाळेत त्या नागरिकशास्त्र शिकवत. कुवेतमध्ये आमच्या पोरांना नागरिकशास्त्र! मला त्याचं हसू यायचं. माझी मुलगी एकदा त्यांना म्हणालीच, "बट बाई, वी आर नॉट इव्हन सिटिझन्स हिअर. आणि इंडियात आम्ही राहतच नाही."

"मतदान पाच वर्षांतून एकदा," बाई म्हणाल्या. "उरलेल्या दिवसांत काय करशील?"

हिवाळ्यात शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुटीच्या दिवशी, त्या इमारतीतल्या मुलांना घेऊन शर्कच्या समुद्रकाठी जात. गाडी चालवायला अर्थातच मी. मासळीबाजारापाशी लाकडी होड्या डुलत असत. समुद्र आणि आकाश एकाच फिक्या रंगाचे, मधली रेघ कुठे आहे ते कळत नसे. तिथल्या कट्ट्यावर बाईंची सभा भरे. आज जेवायला कुठे जायचं इथपासून भांडणात आधी हात कोणी उचलला इथपर्यंत सगळं सभेत ठरे. प्रत्येकाने बोलायचं, मग हात वर. त्या सकाळी आता मला अर्धवट झोपेतल्या वाटतात. मुलांचे आवाज येतात, चेहरे दिसत नाहीत. बाई मात्र स्पष्ट दिसतात, वाऱ्यावर उडणारा पदर कमरेला खोचून हात मोजताना. मुलांचं बघून पुढे मोठ्यांचीही सभा सुरू झाली, ती बाईंच्याच हॉलमध्ये. पाणी कमी येतं, जिन्यातला दिवा गेलाय, असे तिथले विषय. बाई बजावत, "निम्म्या तक्रारी आपल्यालाच सोडवता येतात. सोडवायला आधी एकत्र बसायला तर हवं!"

एप्रिलमध्ये आमच्या इमारतीतल्या बायका गच्चीवर कुरडया घालत. भाडेकरूंनी गच्चीवर जायचं नाही, असा मालकाचा नियम. पण मोतालेब किल्ली देई. मोतालेब आमचा हारिस, म्हणजे इमारतीचा रखवालदार. बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा, पन्नाशीतला, कमी बोलणारा. त्याला वाळल्या कुरडयांचा वाटा मिळे आणि तो त्या तळून न खाता कच्च्याच कुडुमकुडुम खाई. इथलं ऊन असं की सकाळी घातलेली कुरडई संध्याकाळपर्यंत डब्यात जाते. माझी बायको सुषमा त्या दिवसांत फार खुशीत असे. पांढऱ्या उन्हात पांढऱ्या साड्या अंथरलेल्या, त्यावर कुरडयांची चक्रं, भोवती चार-सहा बायका डोक्यावर ओढण्या घेऊन बसलेल्या. मी एकदा चहा घेऊन वर गेलो, तर वाटलं आपण जलीब वस्तीच्या गर्दीतल्या इमारतीवर नाही, कुठल्यातरी ढगावरच उभे आहोत.

एका वर्षी भर दुपारी धूळवादळ आलं. आकाश बघता बघता तांबूस झालं, समोरची इमारत दिसेना. बायका धावत वर गेल्या, मिळतील त्या कुरडया टोपल्यांत भरून खाली आल्या. अंथरलेल्या साड्या वरच राहिल्या. त्यांतली एक उडाली आणि गच्चीवरच्या एसीच्या मोठ्या पंख्यात गुंतली. मोटर जळाली. सगळी इमारत भट्टीसारखी तापली. तिसऱ्या मजल्यावरच्या जोशांच्या आईला चक्कर आली, तिला दवाखान्यात न्यावं लागलं.

मालकाचा मंदूब, म्हणजे त्याची कागदपत्रं आणि आमची कटकट बघणारा माणूस, पंख्यातलं जळकं फडकं घेऊन खाली आला. गच्चीची किल्ली कोणाला दिली होती, असं त्याने मोतालेबला विचारलं. मोतालेब गप्प. मंदूब म्हणाला, मग किल्ली तुझी, चूक तुझी. व्हिसा रद्द, आठवड्याभरात घरी जायचं. मी नंतर मोतालेबला बाजूला घेऊन विचारलं, "बोला क्यों नहीं?" तो म्हणाला, "मैडम लोग का नाम मैं नहीं लेगा, साब."

त्याच संध्याकाळी सभा भरली. पंखे लावूनही सगळे घामाघूम. जोशी आधी बोलले, "वाईट मलाही वाटतंय. पण आपण इथे परके आहोत. उद्या मालकाने सगळ्यांना बाहेर काढलं तर?"

"तुमची दोन्ही मुलं इथे जन्मली. परके कसले?" बाईंनी विचारलं.

"कागदावर परकेच आहोत, बाई."

दुसरं कोणी म्हणालं, आपण वर्गणी काढू, मोतालेबला देऊ. बाई म्हणाल्या, "त्याने पैसे मागितलेत का? त्याने चूक केली नाही, एवढंच खरं सांगायचंय." मग हात वर झाले. गप्प राहायचं, असं ठरलं. बाईंनी हात स्वतः मोजले आणि निकालही स्वतःच सांगितला. आवाज अगदी शाळेतला.

सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "उद्या संध्याकाळी अर्दियाला सोडशील? मालकाकडे जायचंय."

"अहो, पण सभेने ठरवलंय ना?"

"सभा गप्प राहणार, हे ठरलंय. मी सभेबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण कोणाची चूक होती, हे हात वर करून ठरत नाही. पंख्यातली साडी माझी होती. काठ ओळखला मी."

अबू फहद, आमचे मालक, अर्दियाला राहत. संध्याकाळी त्यांच्या दिवाणियात मंडळी जमत. घराच्या पुढच्या अंगाची लांबलचक खोली, भिंतीकडेने गाद्या, चहा, राजकारणाच्या गप्पा. तिथे सगळे पुरुषच असतात. दारात नऊवारी नेसलेली बाई बघून आतली कुजबुज थांबली. एक म्हातारे गृहस्थ उठले आणि त्यांनी स्वतःची जागा दिली. माझं दवाखान्यातलं मोडकं अरबी दुभाषाच्या कामाला आलं. बाईंनी सगळं सांगितलं. किल्ली आम्ही मागितली, माझी साडी उडाली, मोतालेबने वर पाऊलही ठेवलं नव्हतं.

"आणखी कोण होतं?" अबू फहदनी विचारलं.

"त्यांचं त्या सांगतील. मी माझं सांगायला आलेय."

अबू फहदनी मिसबाहचे, म्हणजे जपमाळेचे, दोन-चार मणी ओढले. मग म्हणाले, "तुम्ही आला नसतात तर तुमचं काहीच बिघडलं नसतं. मग का आलात?"

"निर्णय तुमच्या हातात आहे," बाई म्हणाल्या. "पण खोट्या माहितीवर घेतलात तर अन्याय तुमच्या हातून होईल आणि तुम्हाला कळणारही नाही. मला तो बघवला नसता."

मी भाषांतर केलं. बाईंनी लगेच हळूच विचारलं, "मध्ये 'साहेब' घातलंस का?" मी घातलं होतं.

अबू फहदनी निकाल दिला. हारिस राहील. पण नियम मोडला तो तुम्ही. महिनाअखेर घर रिकामं करा. बाईंनी मान डोलावली, चहा संपवला, सगळ्यांना नमस्कार केला. परतताना मला राहवेना. म्हटलं, "गच्चीवर सहा जणी होत्या. सगळ्यांचं सांगितलं असतं तर एकट्या तुम्हाला काढलं नसतं."

बाहेर दिवे लागत होते, धुळीमुळे प्रत्येक दिव्याभोवती पिवळं वलय होतं. बाई तिकडेच बघत म्हणाल्या, "मी त्यांचं सांगून टाकलं असतं, तर त्यांना स्वतःला सांगायला काय उरलं असतं?"

बाईंनी सामान बांधायला घेतलं. इमारतीत कोणी त्यांच्याकडे फिरकेना. जिन्यात समोरासमोर आलं की लोक मोबाइल काढून बघत. मोतालेब तेवढा रोज वर जाई, खोकी बांधून देई. सुषमाचं घरात लक्ष नव्हतं. भात दोनदा करपवला तिने, आणि मी काही बोललो तर माझ्यावरच खेकसली.

मग एका शुक्रवारी ती ठेवणीतली साडी नेसून बाहेर आली. म्हणाली, "अर्दियाला सोडा मला." मी चपला घालून दार उघडलं, तर जिन्यात जोशीवहिनी उभ्या. त्यांच्यामागे आणखी तिघी. गाडीत दाटीवाटीने बसल्या. माझं अरबी पुन्हा कामाला लागलं. सुषमा आधी बोलली, मग एकेक करून सगळ्या. अबू फहदनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं, सगळ्यांना चहा पाजला आणि म्हणाले, "तुम्ही आलात, बरं वाटलं. पण ते घर मी दुसऱ्याला देऊन बसलोय. शब्द फिरवता येणार नाही."

बाई नंतर दोन नर्सबरोबर एका खोलीत राहिल्या आणि शाळेतल्या नोकरीची मुदत संपल्यावर मिरजेला गेल्या. तिथेच, गेल्या हिवाळ्यात, त्या वारल्या. बातमी कळली तेव्हा मी खूप रडलो. माणसाने कसं वागावं हे मला इतकं सोपं करून कोणी दाखवलं नव्हतं. पण त्यांची आठवण आली की मला आजारी, म्हाताऱ्या बाई दिसत नाहीत. दिसते ती अर्दियाहून परतल्यानंतरची ती संध्याकाळ. बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये बाई उभ्या, आणि दारात या पाच जणी, घर वाचवता आलं नाही म्हणून माना खाली घालून.

बाईंनी कोणाला शाबासकी दिली नाही. सुषमाला म्हणाल्या, "हात दाखव बघू."

सुषमाने हात पुढे केला. तो अजून थरथरत होता.

बाईंनी तो आपल्या दोन्ही हातांत धरला. "माझेही असेच कापत होते गं," त्या माझ्याकडे मान वळवून म्हणाल्या. "याला दिसू नयेत म्हणून त्या दिवशी गाडीत घरी येईपर्यंत पदराखाली धरून बसले होते."