दोन चंद्रांच्या ग्रहावरची टकळी

वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या आमच्या गल्लीत माझा राग सगळ्यांना तोंडपाठ होता. मी कॉलेजातून येऊन फाटक आपटलं की शेजारच्या काकू सुनेला सांगत, आज हिचं काहीतरी बिनसलंय, विरजण मागायला उद्या जा. राग आला की मी भांडी आदळायची, जेवणावरून उठायची, आणि तासाभराने स्वयंपाकघरात शिरून गुपचूप पोळी-भाजी खायची. अशा मला विसाव्या वर्षी वेड लागलं ते एका शांत, शिस्तीच्या, जिभेवर ताबा असलेल्या योद्ध्याचं. तोही या पृथ्वीवरचा नव्हे.

ते सत्तरचं दशक संपत आलं होतं. वर्धा स्टेशनजवळच्या एका ठेल्यावर हिंदी पॉकेटबुकं वाचायला भाड्याने मिळायची. मुखपृष्ठावर रॉकेट नाहीतर हिरवा माणूस. बाबा कचेरीत कारकून होते. ते या पुस्तकांना कचरा म्हणत, आणि मी आंघोळीला गेले की माझ्याआधी वाचून काढत. त्या ढिगात कुठे कुठे एक माणूस डोकावायचा, कधी या गोष्टीत, कधी त्या गोष्टीत. लांब झगा, एकच वेळ जेवण, पाठीमागून येणारा वार न पाहता ओळखणारा. सगळं जग त्याच्यावर तुटून पडलेलं असतं आणि हा श्वास मोजत बसलेला. मला त्याचा इतका हेवा वाटे की मी पुस्तक मिटून अंगणात फेऱ्या मारायची. माणूस इतका ताकदवान असून चिडत कसा नाही, हेच मला कळत नव्हतं, आणि जे कळत नाही ते मला कधीच सोडवत नाही.

मग मीच तसा एक लिहिला. कॉलेजच्या स्नेहसंमेलनासाठी एकांकिका. दोन चंद्र असलेला एक ग्रह, त्यावर चाल करून आलेला एक सम्राट, आणि ग्रहाच्या वेशीवर एकटा बसलेला योद्धा. याच्याकडे तलवार नाही, बंदूक नाही. हा ताऱ्यांच्या उजेडाचा धागा काढतो आणि त्या धाग्याचं कवच ग्रहाभोवती उभं राहतं. कातणाऱ्याचं मन हललं की धागा तुटतो, धागा तुटला की कवच कोसळतं. म्हणून सम्राट वार करत नाही, तो फक्त बोलतो. टोचतो, हिणवतो, आईवरून बोलतो, देशावरून बोलतो. योद्ध्याने एक अक्षर न बोलता कातत राहायचं आणि शेवटी सम्राटाने थकून गुडघे टेकायचे. दुसऱ्या कुठल्या गावातल्या मुलीने योद्ध्याच्या हाती काही चमचमणारं दिलं असतं. आमच्या वर्ध्यात, गांधीजींच्या सेवाग्रामशेजारी, लहानपणी शाळेत सूत कातायची टकळी फिरवली नाही असा माणूस नव्हता, त्यामुळे मला दुसरं काही सुचलंच नाही. ही काही वेगळी कल्पना आहे हेसुद्धा माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

नाटक बसवणारे आमचे पदार्थविज्ञानाचे सर. त्यांना एकांकिका फार आवडली. म्हणाले, सम्राट तू कर.

मी म्हटलं, योद्धा मी करणार.

सरांनी वर्गाकडे बघितलं आणि वर्ग हसला. आमच्यात एक आष्टीकडचा मुलगा होता, शेतकऱ्याच्या घरचा, वसतिगृहात राहणारा. उंचापुरा, आणि स्वभावाने इतका थंड की खानावळीत भातात खडा लागला तरी तो बाजूला काढून जेवत राही. सगळ्यांच्या मते योद्धा तोच. आणि ओरडायला, पाय आपटायला, डोळे वटारायला माझ्याइतका अस्सल सम्राट जिल्ह्यात सापडला नसता. सरांनी तिथल्या तिथे परीक्षा घेतली. दोघांच्या हाती टकळी आणि कापसाचा पेळू दिला आणि बाकीच्यांना सांगितलं, छळा यांना. त्या मुलाचा धागा शांतपणे निघत राहिला. मला मागून कोणीतरी एवढंच म्हटलं, की हिची तोंडाची टकळी मात्र कधी तुटत नाही. माझा धागा तटकन तुटला आणि मी त्याला पेळू फेकून मारला.

मग मी जे केलं ते अगदी माझ्या स्वभावाला धरून होतं. एकांकिकेचे कागद उचलले आणि सांगितलं, नाटक माझं आहे, योद्धा मी नसेन तर हे आत्ता फाडते. सर दाढी खाजवत म्हणाले, रंगीत तालमीपर्यंत मुदत देतो. त्या दिवशी धागा तुटला तर मुकाट्याने सम्राट हो. मी मान डोलावली. ती भूमिका मला जीव टाकावा इतकी हवी होती आणि मला ती जमणार नाही याची खात्री सगळ्यांइतकीच मलाही होती.

त्या हिवाळ्यात मी वेड्यासारखी कातत सुटले. सकाळी चुलीपुढे, दुपारी कॉलेजच्या पायरीवर. सुटीच्या दिवशी मैत्रिणीला सायकलवर डबलसीट घेऊन पवनारला जायची. धाम नदीच्या काठच्या खडकावर मी बसायची आणि तिने माझ्या पाठीशी उभं राहून मला हवं ते बोलायचं. ती बिचारी गरीब गाय. पहिल्या दिवशी तिला माझ्यात वाईट काही सापडेना. दुसऱ्या खेपेला मात्र तिची भीड चेपली आणि तिने शाळेपासूनचे हिशेब काढले, तेव्हा मला कळलं की ही इतकी वर्षं काय काय गिळून बसली होती. मी उठून तिच्या अंगावर धावून गेले. पाण्यात धुणं धूत असलेल्या बाया आमच्याकडे बघत राहिल्या.

पण कातता कातता एक गोष्ट हाताला समजली. राग मला कळायच्या आधी धाग्याला कळायचा. कोणी काही बोललं की मी अजून हसत असायची, आणि इकडे चिमटीत धागा जाड-बारीक व्हायला लागलेला असायचा. श्वास छातीत अडकलेला, डावा हात नको तितका भरभर वर चाललेला, आणि पेळूतला कापूस मागे पडलेला. एकदा हे दिसलं आणि मला एवढा आनंद झाला की मी खडकावरच ओरडले. म्हणजे राग काही आभाळातून कोसळत नव्हता, तो बोटांतून येत होता, आणि येताना दिसत होता! मी श्वास सोडायची, हात सैल करायची, धागा पुन्हा सारखा व्हायचा. तो योद्धा पाठीमागचा वार कसा ओळखत असेल ते मला तिथं, त्या नदीकाठी, समजलं असं वाटलं. घरी येताना मी सायकल इतकी जोरात हाणली की मैत्रीण मागे रामनाम घेत होती.

रंगीत तालमीला धागा टिकला. त्या थंड मुलाने माझ्या हातून सम्राटाचा मुकुट घेतला, म्हणजे अॅल्युमिनियमचा गंज, आमच्याकडे पातेल्याला गंज म्हणतात, त्याला छत्रीच्या काड्या लावलेल्या, आणि काहीही कुरकुर न करता तो सम्राट झाला. आश्चर्य म्हणजे झकास झाला. शांत माणसाने हळू आवाजात टोचलेलं ओरडण्यापेक्षा जास्त लागतं.

संमेलनाच्या दिवशी मांडव खचाखच भरला होता. बाबा कचेरीतल्या दोघांना घेऊन आले होते, आई काकूंच्या सुनेबरोबर बायकांत बसली होती. माइकजवळ पंपाचा स्टोव्ह पेटवला की अवकाशयान उतरल्यासारखा घुरघुराट होई, त्याला पहिली टाळी पडली. काळ्या पडद्याला भोकं पाडून मागे बल्ब लावले होते, ते तारे. मी मधोमध बसले, रंगवलेल्या चादरीच्या झग्यात, आणि कातू लागले. सम्राट बोलत होता, धागा निघत होता, लोक श्वास रोखून बघत होते. मला आतून इतकं भरून आलं की वाटलं, बघा, बघा सगळे, मी चिडत नाहीये. आणि नेमका त्याच क्षणी धागा तुटला. टकळी फळीवर पडली आणि गडगडत गेली.

दुसऱ्या गावात हे कोणाच्या लक्षातही आलं नसतं. आमच्या मांडवात पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत एकच सुस्कारा ऐकू आला. तिथल्या प्रत्येकाचा धागा कधी ना कधी तसा तुटलेला होता.

सम्राट गडबडला. माझ्याच नाटकाच्या नियमाने आता ग्रह बुडाला होता. तो प्रामाणिक मुलगा, त्याला खोटं सुचेना. तो म्हणाला, "योद्ध्या, तुझा धागा तुटला. तू हरलास."

मी टकळी उचलली. योद्ध्याने बोलायचं नाही हा नियम डोक्यातून साफ पुसला गेला होता, नाटकातलं पुस्तकी मराठीही. मी त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "तुटला तं तुटला. जोडता येते."

आणि शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवतात तसं, तुटकं टोक पेळूवर ठेवून टकळीला पीळ दिला. धागा सांधला गेला, निघू लागला. मांडव जो उसळला! लोक खुर्च्यांवर उभे राहिले, शिट्ट्या वाजल्या, कोणीतरी टोपी उडवली. दोन चंद्रांच्या ग्रहावरचा योद्धा वऱ्हाडीत बोलला होता, आणि लोकांना त्यात काहीही गैर वाटलं नव्हतं.

संमेलनात पहिलं बक्षीस मिळालं आणि एकांकिका नागपूरच्या स्पर्धेसाठी निवडली गेली. आता मला फक्त नागपूर दिसत होतं. झोपेत बक्षिसाची ढाल दिसायची, ती घरात कुठल्या खिळ्याला टांगायची तेही ठरलं होतं. सरांनी तालमीत सांगून टाकलं, तो तुटण्याचा प्रसंग आता कायम. नागपूरलाही धागा तुटलाच पाहिजे, त्यातच खरी मजा आहे. सम्राटाने देशावरचं वाक्य म्हटलं की तोडायचा, मग जोडायचा. मी आनंदाने हो म्हटलं. तोडण्यात काय कठीण होतं?

नागपूरचं नाट्यगृह आमच्या मांडवाच्या कितीतरी पट मोठं. वरच्या सज्जात कॉलेजची पोरं, पडदा उघडल्यापासून हुर्यो उडवायला टपलेली. स्टोव्ह सुरू झाला तेव्हा कोणीतरी ओरडलं, चहा मांडला का? सगळं नाट्यगृह हसलं. मी बसले, पेळू धरला, टकळीला फिरकी दिली. पोरं ओरडत होती, ते मला ऐकू येत होतं आणि तरी ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. बोटांत रागाची खूणही नव्हती. धागा असा सरळ, बारीक, एकसारखा निघाला की तसा मी आयुष्यात काढला नव्हता.

सम्राटाने देशावरचं वाक्य म्हटलं. धागा निघत राहिला. त्याने ते पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. मला माहीत होतं की आता तोडायचा आहे. एक झटका पुरे होता. विंगेत सर दोन्ही हातांनी काहीतरी फाडल्यासारखी खूण करत होते. ढाल दिसत होती, खिळाही दिसत होता. हात तयार होईना. इतक्या दिवसांनी ज्याच्यापर्यंत पोचले होते ते मुद्दाम तोडायला माझा हात उठेना, आणि खरं सांगायचं तर मला तिथून उठायचंच नव्हतं. मी इतकी सुखात होते!

सम्राटाची वाक्यं संपली. त्याने मागच्या प्रवेशातली दोन उसनी आणली, तीही संपली. सज्जातली पोरंसुद्धा गप्प झाली होती, आता काय होणार म्हणून. शेवटी तो गंज काढून काखेत घेऊन सैन्याला म्हणाला, "जाऊ द्या, चला. हे काई आयकत नाई." आणि सैन्य निघून गेलं. मी कातत राहिले. सरांनी पडदा पाडला तेव्हा टाळ्या वाजल्या की नाही ते मला आठवत नाही.

विंगेत तो थंड मुलगा लालबुंद होऊन माझ्यासमोर उभा राहिला. त्याला चिडलेलं मी पहिल्यांदाच बघत होते. एरवी आम्ही मुलं-मुली एकमेकांना अहो-जाहो करायचो, ते त्याने रागातही सोडलं नाही. "काऊन नाई तोडला तुमी?" तो म्हणाला. "आपली ढाल गेली ना."

"तुटतच नव्हता," मी म्हटलं.

ढाल गेलीच. परीक्षकांनी लिहिलं की शेवट नाट्यमय नाही आणि त्यात विज्ञान कुठे आहे ते समजलं नाही. परतीच्या गाडीत सर सेवाग्राम येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होते. गंजाला लावलेल्या छत्रीच्या काड्या कोणीतरी उपटून टाकल्या होत्या.

संध्याकाळी मी घरी पोचले. फाटक हळूच लावलं. आई दारातच होती, तिने तोंडाकडे बघून ओळखलं आणि विचारलं, हरल्या का? मी म्हटलं, हरलो. चपला काढून जागेवर ठेवल्या, हातपाय धुतले, ताट घेतलं आणि जेवायला बसले. आई परातीवर हात ठेवून थांबली होती, आता काय आदळतं याची वाट बघत. मी वरण वाढून घेतलं आणि तिला वांग्याची भाजी चांगली झाली असं सांगितलं. ती उठली, पिठाचा हात पदराला पुसला, आणि जवळ येऊन माझ्या कपाळाला ताप आहे का ते बघू लागली.