मामाच्या वहीतला पश्चिम वारा

माझा मामा हवामान केंद्रात निरीक्षक. एकतीस वर्षं रोज सकाळी आठच्या ठोक्याला अंगणातल्या वारा मोजायच्या खांबाखाली उभं राहून तो वाऱ्याचा वेग वहीत लिहितो. ताप असो, पाहुणे असोत, आठ म्हणजे आठ. "माझी सवत त्या खांबावर बसलीय," असं मामी म्हणायची. ती जाऊन चार वर्षं झाली.

मी पवनचक्क्यांसाठी जागा पारखते. जवळच्या टेकडीवर आम्ही वर्षभर वारा मोजला. पण चक्क्या वीस-पंचवीस वर्षं उभ्या राहायच्या, एका वर्षाच्या वाऱ्यावर विसंबून कसं चालेल? म्हणून ते वर्ष जुन्या नोंदींशी ताडून पाहतात. जुन्या नोंदी मामाच्याच होत्या, आणि त्यांत वारा गेली अठरा वर्षं हळूहळू पडत गेलेला.

"म्हाताऱ्याने अंदाजपंचे आकडे लिहिलेत. बाद कर त्या वह्या," साहेब म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक मामाकडे गेले.

त्याने शांतपणे ऐकलं. "पश्चिमेचाच वारा पडलाय ना?"

"हो. तुला कसं कळलं?"

त्याने खिडकीबाहेर बोट दाखवलं. खांबाच्या पश्चिमेला मामीने लावलेलं झाड, आता खांबाहून उंच.

"खांबाजवळ झाड वाढू द्यायचं नाही, असा नियम आहे. तिला सांगायला जीभ रेटली नाही गं. ती गेल्यावर तर नाहीच."

मला राग आला आणि रडूही. "झाड काढलं तर टेकडीवर अजून चालू असलेल्या मोजणीशी पुन्हा ताडून ते किती वारा अडवत होतं ते कळेल. मागची वर्षं दुरुस्त करता येतील."

दरवर्षीची झाडाची उंची मामाकडे होतीच. माप घेतल्याशिवाय तो राहील थोडाच?

"आणि नाही काढलं तर?"

"वह्या रद्दीत."



रविवारी झाड पाडलं. मामा तिथून हलला नाही. सोमवारी आठ वाजता मी त्याच्याबरोबर खांबाखाली होते. शेऱ्याच्या रकान्यात त्याने ठसठशीत अक्षरात लिहिलं: 'पश्चिमेचा अडथळा दूर केला.'

"अडथळा काय लिहितोस, मामा!"

"वहीत असंच लिहितात."

अंगणात पश्चिमेचा वारा भरून आला होता. मामाने मान वर करून खांबावरच्या वाऱ्याच्या तबकडीकडे पाहिलं, आणि वही माझ्या हातात दिली.

"आजचा आकडा तू वाच. मला दिसत नाहीये."